वच्छलाबाईचा चौदावा महिना

धर्मापुरी,
३ फेब्रुवारी १९३४

रा. रा. डॉक्टर मोहनराव यांस अर्जुनरावाचा रामराम.

तारीख इंग्रजी घातली आहे ती तुमच्या सोयीसाठी. हैदराबादेत राहून तुम्ही तिथी विसरला असाल, जशी बहीण विसरलात.

तुमच्या भगिनी, म्हणजे आमचं कुटुंब, सौ. वच्छला यांची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम की दारातून आधी पोट आत येतं आणि मागून त्या येतात. चेहरा पौर्णिमेला पोचला आहे आणि तिथेच मुक्कामाला राहिला आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागल्याच्या मागल्या मार्गशीर्षात त्यांचं बाजूला बसणं बंद झालं. सुईण मंजुळाबाईने पोट चाचपून सांगितलं, दिवस गेले. आम्ही पेढे वाटले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचा साज, सगळ्या गावच्या बायका जेवून ढेकर देऊन गेल्या. तुम्ही कामात होतात, आला नाहीत. मग नववा महिना गेला, दहावा गेला. मंजुळाबाई म्हणाली, पहिलटकरणीचं लांबतं. हल्ली चौदावा चालू आहे. आमच्या म्हशीला दहा लागतात. हत्तिणीला किती लागतात ते तुमच्या पुस्तकात बघून कळवा, म्हणजे तोवर थांबतो.

आमच्या मातोश्री बायनाबाई यांनी मात्र रोग ओळखला आहे. त्या म्हणतात, "पोटात लेकरू न्हाई, लोणी हाय." तेव्हापासून दूधदुभत्याच्या खोलीला कुलूप आहे. चावडीवर बसलो की लोक विचारतात, "पाटील, बारसं कवा हाय?" मी हसतो. दुसरं काय करणार?

आईने आष्टीकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे. अक्षय्य तृतीयेला उरकावं म्हणते. त्याआधी तुम्ही बहिणीला चार शब्द सांगा, नाहीतर येऊन घेऊन जा. लोभ आहेच, सध्या तोही कुलपात आहे.

अर्जुनराव


हैदराबाद,
१४ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. वच्छी हिस अनेक आशीर्वाद.

दाजींचं पत्र आलं. त्यांच्या अक्षरापेक्षा त्यांची जीभ वळणदार आहे, हे नव्याने कळलं.

हे बघ, मूल हवं हवं म्हणून झुरणाऱ्या बाईला कधी कधी खोटे दिवस राहतात. मनाचा खेळ असतो तो. त्याला औषध नाही. पोट वाढण्याला मात्र आहे, आणि ते म्हणजे तोंड बंद ठेवणं. लहानपणी गुळाच्या ढेपेवर तुझी बोटं उमटलेली असायची आणि मार मी खायचो, हे मी विसरलेलो नाही. पाटलाघरची सून झालीस म्हणून लोण्याच्या मडक्यात हात घालायचा परवाना मिळत नाही. रोज सकाळी केदारेश्वराच्या देवळापर्यंत चालत जा, पायऱ्या चढ-उतर कर. सोबत पोट साफ ठेवण्याच्या गोळ्या पाठवतो आहे, निजताना दोन घेत जा.

रोगी न बघता टपालाने रोग ओळखायची मला आता चांगली सवय झाली आहे. आमच्या दवाखान्यात माझा लौकिकच आहे तसा.

तुझा
दादा


धर्मापुरी,
१० मार्च १९३४

दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं, गोळ्याही पोचल्या. पत्रानेच पोट साफ झालं, गोळ्यांची गरज पडली नाही.

सासूबाई दोन बुकं शिकलेल्या नाहीत आणि तू सात वर्षं हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरकी शिकलास. तरी माझ्याविषयी दोघांचं अगदी एकमत झालं, याचा मला फार आनंद वाटला. उगीच बाबांनी तुझ्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं. त्यापेक्षा तुला सासूबाईंच्या हाताखाली ठेवायला हवं होतं.

माझा दिवस कसा जातो ते कळवते. सकाळी एक भाकरी मिळते, संध्याकाळी अर्धी. खोलीच्या कुलपाला सासूबाई रोज कुंकवाचं बोट लावतात, कुणाचा हात लागला तर कळावा म्हणून. कुंकू जिथल्या तिथे असतं आणि मी फुगतच असते. त्यावर त्या म्हणतात, "लई हुशार हाय, खिडकीतून जाती." खिडकी वीतभर आहे, दादा. तिच्यातून माझं नुसतं नाक गेलं तरी गावात साखर वाटीन.

केदारेश्वराला चालत जा म्हणतोस. पहिल्या पायरीवर बसून देवाला लांबूनच हात जोडते. जात्यापाशी बसले तर दोन्ही हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, मांड्यांत जीवच नाही. परवा पाठीत काहीतरी कट्‌कन झालं, तेव्हापासून वाकता येत नाही. पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे उठलेत. मंजुळाबाई म्हणते ते गर्भाचे, सासूबाई म्हणतात ते लोण्याचे. दंडावर पाच बोटांचे निळे डाग आहेत, ते काही जात नाहीत. ओठावर मिसरूड फुटलं आहे, तुझ्यापेक्षा दाट.

आष्टीच्या मुलीचं तुझ्या कानावर आलंच असेल. ती येईल तेव्हा तिला औक्षण करायचं काम माझ्याकडे आहे. उभी राहू शकले तर करीन.

तुझी गुळचोर
वच्छी


हैदराबाद,
१७ मार्च १९३४

रा. रा. दाजी यांस,

रामराम राहू द्या.

माझ्या बहिणीच्या दंडावर पाच बोटं उमटली आहेत. धर्मापुरीत हाताला पाच बोटं असलेले किती लोक आहेत याची मी मोजदाद केलेली नाही, पण तुमच्या घरात पुरुष एकटे तुम्हीच आहात. तिच्या पाठीत काहीतरी मोडलं आहे. ती उठू शकत नाही. दिवसाला दीड भाकरी देऊन एवढं सगळं करता येतं, हे पाटीलकीचं कसब माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि वर मला लिहिता की तब्येत उत्तम आहे. फारच उत्तम! बायकोला मारायचं आणि सूज आली की म्हणायचं, लोणी खाते. दुसरी आणायची असेल तर राजरोस आणा, पहिलीचे हाल करून वाट मोकळी करू नका. येत्या पंधरा दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर तालुक्याच्या अमीनसाहेबांना मी सगळं लिहून कळवणार आहे. अमीनसाहेब पोलिसातले आहेत, ते चावडीवर हसण्यासाठी येत नाहीत.

डॉ. मोहनराव


धर्मापुरी,
२९ मार्च १९३४

रा. रा. मोहनराव यांस,

तुम्ही डॉक्टर आहात की अमीन, हे आधी ठरवा. दोन्ही असाल तर आम्हा गरिबांना दोन वेगळी पत्रं लिहीत जा.

केदारेश्वराची शपथ घेऊन सांगतो, मी वच्छलेवर हात उगारलेला नाही. ती पाच बोटं छबुबाई कासारणीची आहेत. संक्रांतीला बांगड्या भरायला आली होती. साऱ्या गावातल्या बायकांच्या मनगटाचं माप तिला तोंडपाठ. तिने वच्छलेचं नेहमीचं माप काढलं, त्या बांगड्या हातातून घरंगळून खाली पडल्या. त्याहून लहान काढल्या, त्याही पडल्या. शेवटी बारा वर्षांच्या पोरीच्या बांगड्या बसल्या. छबुबाई म्हणाली, "वयनी, तोंड बगावं तर सावकारणीचं, हात बगावं तर उपाशीचं. ह्ये कसं काय?" आईने तिला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. बांगडी चढवताना तिने दंड नुसता धरला होता, तेवढ्याने पाच डाग उठले. ते मी स्वतः पाहिले आहेत. पाठीत कट्‌कन झालं ते रिकामी घागर उचलताना. तीही मी पाहिली.

मग मलाच चैन पडेना. आई भावाकडे आठ दिवस लग्नाला गेली, तेव्हा मी ओसरी सोडली नाही. वच्छलेच्या पुढ्यात ताट मी स्वतः ठेवलं, ती पुरं संपवीत नव्हती. तेवढ्यावर माझा बैल नांगराला उभासुद्धा राहणार नाही. आठव्या दिवशी चेहरा आणखी गोल. मोरीत ती जाऊन आली की मुंग्यांची रांग लागते. आईने त्याचाही अर्थ लावून ठेवला आहे: "गूळ बी खाती."

मी शेतकरी माणूस. न खाता म्हैस फुगली तर आम्ही तिला चोर म्हणत नाही, गुरांचा डॉक्टर शोधतो. बायकोच्या बाबतीत ते सुचलं नाही, हे कबूल. माझी चूक आहे आणि ती लहान नाही. पण तुम्ही तर माणसांचे डॉक्टर होतात ना? तुम्ही काय पाठवलंत, तर पोट साफ करायच्या गोळ्या!

अमीनसाहेबांना जरूर लिहा. आले तर त्यांनाच विचारीन, हा कसला आजार आहे.

अर्जुनराव


हैदराबाद,
१२ एप्रिल १९३४

चि. सौ. वच्छी हिस,

दाजींनी मला चार ओळींत जे शिकवलं ते सात वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं पत्र घेऊन मी दवाखान्याच्या पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसलो. मोठ्या साहेबांच्या नावे विलायतेहून येणारी मासिकं तिथे पडून असतात, साहेबांना वेळ नसतो आणि आम्हाला हिंमत नसते. एका अंकात अमेरिकेतल्या एका मोठ्या शस्त्रवैद्याने दोनच वर्षांपूर्वी मांडलेल्या आजाराची हकीकत सापडली. सोबत एका बाईचं छायाचित्र होतं. बाई गोरी, परक्या मुलखातली. तोंड मात्र तुझं. मी तिथेच बसून रडलो, हे दाजींना सांगू नकोस.

तुला समजेल असं लिहितो. आपल्या मूत्रपिंडांवर, टोपी घालावी तशा, दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. आमच्या उर्दू पुस्तकात त्यांना गुर्द्याची टोपीच म्हणतात. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी आणखी एक ग्रंथी आहे, ती या टोप्यांवर हुकूम चालवते. टोप्या रक्तात एक रस सोडतात. तो नेमका काय आहे हे विलायतेतल्यांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पण असा अंदाज आहे की माणूस आजारी पडला, उपाशी राहिला, संकटात सापडला की तो रस त्याला तगवून धरतो. बेताचा असला तर त्याच्यावाचून जगता येत नाही. हुकूम देणारी बिघडली किंवा टोपीतच गाठ झाली, की तो रस बेसुमार सुटतो आणि संकट नसतानाही शरीर संकटात असल्यासारखं वागत राहतं. हातापायांचं मांस मोडून त्याची साखर करतं, ती साखर लघवीतून जाते, म्हणून मोरीत मुंग्या. चरबी उचलून तोंडावर, मानेवर आणि पोटावर ठेवतं. कातडी कागदासारखी पातळ होते, म्हणून ते पट्टे आणि म्हणून कासारणीची बोटं. हाडं ठिसूळ होतात, म्हणून पाठ. पाळी थांबते, मिसरूड फुटतं. तू जे जे लिहिलं होतंस ते सगळं त्या अंकात ओळीने छापलेलं आहे.

तू लोणी खात नव्हतीस, वच्छे. ती टोपी तुला खात होती आणि आम्ही सगळे मिळून तिला वाढत होतो. दीड भाकरीवर तुला ठेवणारे ते, आणि तोंड बंद ठेव म्हणणारा मी.

आता लगेच कळव: पट्टे किती, रंग कसा, रोज पाणी किती पितेस, डोकं जड होतं का, डोळ्यांना कडेचं कमी दिसतं का, कुशीत काही हाताला लागतं का. किंबहुना कळवू नकोस, परळीहून गाडीत बसून इकडे ये. हा आजार अंगावर काढला तर बाई चार-पाच वर्षांच्या वर काढत नाही, असं त्यात लिहिलं आहे. तुझं त्यातलं दीड वर्ष डोहाळजेवणात गेलं.

दादा


धर्मापुरी,
२४ एप्रिल १९३४

दादास नमस्कार.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मालक खाली मान घालून ऐकत होते. मी वाचत वाचत टोपीपाशी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाच्या पोटात टोपी कावून आसंल? डाक्टर लोक थापा मारत्यात." मग त्यांनी मंजुळाबाईला बोलावलं. ती म्हणाली, टोपी असेल तर मुलगाच आहे.

हैदराबादला जायला सासूबाईंची परवानगी मिळाली आहे. एक अट घातली. दुसरी सून आणायला माझी हरकत नाही, असं कागदावर लिहून द्यायचं, मगच बैलगाडी जुंपायची. मालक म्हणाले, आत्ता कशाला. त्या म्हणाल्या, "ही परत आली न्हाई तर घर कुणी बगायचं?" मालक उठून बैलांना वैरण टाकायला गेले. पाटलांना गावासमोर बोलता येतं, आईसमोर येत नाही, असा त्यांचाही एक आजार आहे. तो तुझ्या अंकात आहे का बघ.

मी सही केली. सुवाच्य केली, तूच शिकवली होतीस ना.  नंतर चुलीपाशी जाऊन बसले आणि सासूबाईंची भाकरी करपली.

बुधवारच्या गाडीने निघते. स्टेशनावर मला ओळखशील का? अमेरिकेतल्या बाईचं चित्र हातात घेऊन उभा राहा.

वच्छी


हैदराबाद,
२ जुलै १९३४

रा. रा. दाजी यांस रामराम.

आधीच्या माझ्या पत्रातलं 'रामराम राहू द्या' मागे घेतो.

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं होईल की नाही याची खात्री नव्हती. मोठ्या साहेबांनी आधी मला वेड्यात काढलं. त्यांनी असा रोगी कधी पाहिलेला नव्हता, मीही नव्हता. मी तो अंक त्यांच्या टेबलावर उघडून ठेवला आणि शेजारी वच्छीला बसवलं. साहेब दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले आणि मग त्यांनी चष्मा पुसला. डाव्या कुशीत त्यांच्या हाताला गाठ लागली. ११ जूनला पोट उघडलं. डाव्या मूत्रपिंडावरच्या टोपीत मोठ्या लिंबाएवढी गाठ होती, ती टोपीसकट काढली.

त्यानंतर तीन दिवस तिची नाडी हाताला लागत नव्हती. गाठ इतका रस सोडत होती की उजवी टोपी आळशी होऊन बसली होती. ती जागी व्हायला वेळ लागला. साहेबांनी परदेशातून मागवलेल्या, त्याच ग्रंथीच्या अर्काच्या सुया टोचल्या. चौथ्या दिवशी वच्छीने डोळे उघडून मला म्हटलं, "दादा, तू दाढी कर, घाण दिसतोस." तेव्हा मी ओळखलं की जगणार.

सूज उतरू लागली आहे. उजव्या टोपीत तो आजार पुन्हा उद्भवणार नाही, अशी हमी साहेब देत नाहीत आणि मीही देत नाही.

मोहनराव


धर्मापुरी,
५ ऑगस्ट १९३४

सौ. वच्छला हिस,

नवऱ्याने बायकोला पत्र लिहायची आमच्या घरात रीत नाही. तेव्हा काही चुकलं तर पदरात घे.

तू बरी होत आहेस हे ऐकून गावात सगळ्यांना समाधान वाटलं. आई सांगत फिरते की आजार आहे हे तिनेच आधी ओळखलं होतं. मंजुळाबाई म्हणते, डॉक्टरांनी मूल काढून घेतलं आणि गाठ म्हणून सांगितलं. चावडीवर दोन तट पडले आहेत. तेव्हा मोहनरावांकडून सहीशिक्क्याचा दाखला आण, की ही बाई लोणी चोरत नव्हती, तिला गाठ होती. मी तो चावडीवर वाचून दाखवीन, म्हणजे प्रश्न मिटेल.

तुझं वजन किती उतरलं? पाळी सुरू झाली का? मूल होईल का, याविषयी साहेबांचं म्हणणं काय? आईने विचारायला सांगितलं आहे. आष्टीचं लग्न पुढे ढकललं आहे. मोडलेलं नाही. घाईने काही ठरवू नये, असं सगळ्यांचं मत पडलं.

पोळ्याच्या आत आलीस तर बरं. बैल तुझी आठवण काढतात.

अर्जुनराव


हैदराबाद,
१९ ऑगस्ट १९३४

मालकांस नमस्कार.

पत्र पोचलं. नऊ वर्षांत तुमचं पहिलं. बैलांना आशीर्वाद.

विचारलेल्या सगळ्याची उत्तरं देते. वजन पंधरा शेर उतरलं. पाळी अजून नाही. मुलाविषयी साहेब म्हणाले, बघू. सासूबाईंना तेवढंच सांगा, 'बघू'.

दाखला मोहनदादाने लिहून दिला होता, इंग्रजीत आणि उर्दूत, शिक्का मारून. तो मी फाडून टाकला. गाठ निघाली म्हणून मी चोर नाही, असं जर चावडीवर ठरणार असेल, तर गाठ निघाली नसती तर मी चोरच राहिले असते. तुम्ही आठ दिवस ओसरीत बसून माझं ताट पाहिलंत. तुमच्या डोळ्यांवर कुणाचा शिक्का हवा आहे?

तुमच्यावर माझा राग आहे, तो लपवत नाही. मोहनदादावरही आहे, त्याच्यासमोर बोलून दाखवला. तो रडला. डॉक्टर झाला तरी रडतो लहानपणीसारखाच.

इथे खाटेवर पडल्या पडल्या मी सगळी पत्रं पुन्हा वाचली, माझ्यापाशी होती ती आणि दादाकडची. चौदा महिने, आणि त्यानंतरही सहा. किती महिने झाले, किती भाकऱ्या खाल्ल्या, किती पट्टे उठले, वजन किती, मूल कधी, सगळं विचारून झालं. तुमचा चौकसपणा मानला पाहिजे. 'वच्छला, तुला दुखतं का गं?' एवढं मात्र कुणी विचारलं नाही. तुम्ही नाही, सासूबाई नाहीत, दादानेसुद्धा नाही. फार दुखत होतं हो. पाठ तर अशी दुखायची की जात्यापाशी बसून मी ओवीच्या सुरात रडायचे, म्हणजे कुणाला कळू नये. आजार परत आला तर पुन्हा तेच सगळं होईल, आणि मला त्या आजारापेक्षा त्या ओव्यांची भीती वाटते.

म्हणून आष्टीचं मोडा की जोडा, तुमची मर्जी. कागदावर माझी सही आहेच. मला पोळ्याला येणं जमणार नाही. पुढचं मी ठरवलेलं नाही.

वच्छला


परळी, स्टेशन,
३१ ऑगस्ट १९३४

सौ. वच्छला हिस,

हे पत्र स्टेशनावर बाकड्यावर बसून लिहितो आहे, अक्षर वाकडं आहे. बहुतेक पत्राच्या आधी मीच पोचेन. तरी टाकतो. पोचलो आणि तोंडातून शब्द फुटला नाही, तर निदान कागद असावा.

आष्टीकरांची सुपारी मंगळवारी परत केली. तुझ्या सहीचा कागद चुलीत घातला. आई तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. शेजारणींना मात्र अजूनही सांगते, डॉक्टर थापाडे असतात. तिच्या वतीने मी काही लिहीत नाही, ते तिचं ती बघेल. चावडीवर मी दाखल्याशिवायच सांगितलं की माझ्या बायकोने लोणी खाल्लं नाही, मी पाहिलं आहे. कुणीतरी हसलं. मी नाही हसलो.

ते जे तू लिहिलंस, कुणी विचारलं नाही म्हणून, ते मी ओसरीत, शेतात, पारावर, सगळीकडे वाचलं. उत्तर लिहायला पाच वेळा बसलो. प्रश्न दोन शब्दांचा आहे, पण कागदावर काढला की खोटा दिसतो. लिहून विचारायचा तो प्रश्नच नाही. म्हणून येतो आहे.

नेण्यासाठी येत नाही. यायचं की नाही ते तू ठरव, आणि नाही म्हणालीस तर मी एकटा परत जाईन. विचारण्यापुरता येतो आहे. तू सांगशील तितकं, जितका वेळ सांगशील तितका वेळ, खाटेशेजारी बसून ऐकेन.

गाडी आली.

अर्जुनराव